घरातील शस्त्र आणि सावधगिरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दि. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे आपल्या उपनगरातील जुहू येथे घडलेला प्रसंग आपणांस स्मरत असेल. चित्रपट अभिनेते गोविंदा कोलकात्यास निघण्याच्या तयारीत असता परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, गोळी सुटली व डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. अंधेरीच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. जिवावरचे पायावर निभावले!

चाप न ओढता गोळी सुटते कशी, असे कोणी विचारील. जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा काडतुसावरच टेकलेला असतो. शस्त्र घोड्यावर आपटले की तेवढा आघात दारू पेटण्यास पुरतो. म्हणून जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. नव्या रचनेत मध्ये अडसर असतो. पण तोही झिजतो.

खंडेनवमीस वाडवडिलांची बंदूक पूजेस काढणाऱ्या कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच, की ती आधी जाणकाराकडून तपासून रिकामी करवावी, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत आणि ‘रिकामीच आहे’ म्हणून मुलांच्या हाती कदापि देऊ नये. शस्त्र आपला धनी ओळखीत नाही.