जुने यंत्र, नवा मेंदू



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की, या ज्ञानसत्रात कारखान्यातल्या लोखंडाला जागा कशी मिळाली? परंतु हा विषय दिसतो तितका परका नाही. भोसरी, चिंचवड, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत असे कितीतरी लहान कारखाने आहेत की, ज्यांचा सगळा प्रपंच दोनचार यंत्रांवर चालतो. त्यांतले एक यंत्र बंद पडले की मालकाची झोप उडते. हे यंत्र भंगारात घालून कर्जाने नवे आणावे, की यातूनच पुन्हा काम काढावे? या प्रश्नाचा विचार कसा करावा, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. मिलिंग मशीन म्हणजे फिरत्या कटरने धातू कापून त्याला आकार देणारे यंत्र. जॉब टेबलावर घट्ट बांधायचा, टेबल डावीउजवीकडे व मागेपुढे सरकवायचे, आणि कटर वरखाली न्यायचा. पूर्वी कारागीर हे काम हाताने चाके फिरवून करीत असे. सीएनसी यंत्रात ते मोटारी करतात आणि मोटारींना हुकूम संगणक देतो. म्हणजे या यंत्राचे दोन भाग झाले. एक, बिडाचा जड देह. दुसरा, शेजारच्या पेटीतला नियंत्रक, ज्याला कारखान्यातली मंडळी कंट्रोलर म्हणतात.

आता मौज अशी की, या दोघांचे आयुष्य सारखे नाही. बीड केवळ जुने झाले म्हणून बिघडत नाही. तेलपाणी वेळेवर केलेले, ठोकर न खाल्लेले यंत्र तीसचाळीस वर्षांनंतरही अचूक काम देऊ शकते. नियंत्रकाचे तसे नाही. त्यातले कपॅसिटर सुकतात, पडदा अंधुक होतो, आणि नेमका हवा तो सुटा भाग बनणे केव्हाच थांबलेले असते. पुष्कळ जुन्या नियंत्रकांत यंत्राची सगळी मापे ज्या स्मृतीत ठेवलेली असतात, ती एका लहानशा बॅटरीवर जगते. बॅटरी संपली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर यंत्र स्वतःचीच ओळख विसरते. शहाणे कारखानदार त्या मापांचा कागद पॅनेलच्या दारामागे चिकटवून ठेवतात, तो यासाठीच.

शिवाय त्या स्मृतीचा आकार पाहा. त्या काळी कार्यक्रम कागदी पट्टीवर भोके पाडून दिला जाई, म्हणून नियंत्रकाची स्मृतीसुद्धा पट्टीच्या मीटरांत मोजीत. एका इंचात दहा अक्षरे या हिशेबाने चाळीस मीटर पट्टी म्हणजे सुमारे पावणेसोळा हजार अक्षरे. आज एखाद्या वळणदार साच्याचा कार्यक्रम कित्येक लाख अक्षरांचा होतो. तेव्हा देह धडधाकट असूनही मेंदू अपुरा पडतो.

कोणी म्हणेल, “जुन्या देहाला नवा मेंदू लावणे म्हणजे ठिगळ लावणेच नव्हे काय?” या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनविण्याच्या उद्योगात होते. पात्याच्या वक्राकाराचे बिंदू गणिताने काढून त्यांप्रमाणे यंत्र चालवावे, अशी कल्पना त्यांना व त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांना सुचली. १९४९ साली अमेरिकी हवाईदलाने या कामाला पैसा दिला, पुढे ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेले, आणि १९५२ साली पहिले अंकनियंत्रित मिलिंग यंत्र लोकांना चालवून दाखविण्यात आले. ते यंत्र कोणते होते? प्रयोगशाळेने नवे यंत्र ओतविले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे बाजारात मिळणारे हायड्रोटेल नावाचे मिलिंग मशीन घेऊन त्याला निर्वात नळ्यांनी भरलेले भलेमोठे नियंत्रक कपाट जोडले होते. म्हणजे आज आपण ज्याला रेट्रोफिट म्हणतो, तेच करून ही विद्या जन्माला आली आहे. ठिगळ म्हणून तिला हिणविण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. यंत्र बदलले, नियंत्रक बदलले, पण त्यांची बोली फारशी बदलली नाही. ‘जी शून्य एक’ म्हणजे सरळ रेषेत काप, ‘एम शून्य तीन’ म्हणजे स्पिंडल फिरव, ही संकेतांची भाषा आजही बहुतेक नियंत्रकांना कळते. त्यामुळे जुने कार्यक्रम थोड्या फेरफाराने नव्या नियंत्रकावर चालू शकतात.

नवा नियंत्रक घेताना दोन वाटा असतात. एक, नामांकित कंपनीचा तयार नियंत्रक. तो महाग असतो, पण त्यामागे हमी व सेवा असते. दुसरी वाट खुल्या नियंत्रकाची. अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९९० नंतरच्या काळात साध्या संगणकावर चालणारा नियंत्रक तयार केला आणि १९९५ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या मिशिगनमधील एका विभागात तो जुन्या यंत्रावर बसवून पाहिला. सरकारी काम म्हणून तो सर्वांना खुला राहिला. पुढे जगभरच्या हौशी व जाणत्या मंडळींनी तो वाढविला, आणि आज तो लिनक्ससीएनसी या नावाने विनामूल्य मिळतो. त्याचा अंतर्भाग उघडून पाहता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण बिघाड झाला तर दाद मागायला दार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एक शंका येते की, घरचा संगणक यंत्र चालवू शकतो, तर मग अडचण कसली? अडचण वक्तशीरपणाची आहे. समजा, टेबल मिनिटाला सहाशे मिलिमीटर वेगाने सरकत आहे. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात ते दहा मायक्रॉन पुढे जाते. संगणक दुसऱ्याच कामात गुंतला, पन्नास सहस्रांश सेकंद उशिरा जागा झाला, आणि मोटार तोवर आधीच्याच हुकमाने धावत राहिली, तर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली! पत्र टंकलिहिताना एवढा उशीर कोणाला कळतही नाही; येथे जॉब वाया जातो. म्हणून या कामाच्या संगणकाची कार्यप्रणाली अशी बांधतात की, ठरल्या क्षणी हुकूम सुटलाच पाहिजे.

आता या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा. बंद यंत्रापुढे उभे राहिलो की आपले लक्ष प्रथम नव्या पडद्याकडे जाते. आमचे म्हणणे असे की, नियंत्रकाची किंमत विचारण्यापूर्वी देह तपासावा. टेबलावर डायल गेज लावून पाहावे की, दोन्ही दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत काय. स्पिंडल फिरताना डगमगते काय. मधल्या भागात, जिथे रोजचे काम होते, तिथे गाइडवे झिजून खोल गेले आहेत काय. आणि चाक उलटे फिरविल्यावर टेबल हलण्यापूर्वी स्क्रू किती रिकामा फिरतो. या शेवटच्या दोषाला बॅकलॅश म्हणतात. नियंत्रक मापात त्याची वजावट करू शकतो, परंतु सैल झालेला नट घट्ट करू शकत नाही. असे यंत्र पूर्ण वर्तुळ कापू लागले की, दिशा बदलते त्या चारही ठिकाणी वर्तुळावर खूण उमटते. ती खूण पाहून जाणता मिस्त्री लगेच सांगतो की, पैसा आधी बॉलस्क्रूवर घाला.

देह उत्तम असेल, तर मग वाचवता येईल ते वाचवावे. पुष्कळ जुने सर्व्हो ड्राइव्ह उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट या खुणेवर वेग ठरवितात, आणि नवे नियंत्रक योग्य कार्ड घातल्यास तीच खूण देऊ शकतात. ते ड्राइव्ह व मोटारी चांगल्या असतील, तर खर्च पुष्कळ उतरतो. मात्र काही बाबतींत काटकसर चालत नाही. संकटकाळी दाबायचे लाल बटण संगणकाच्या मर्जीवर ठेवू नये. त्याने वीज सरळ तोडली पाहिजे. उभ्या अक्षाला ब्रेक असलाच पाहिजे, नाहीतर वीज जाताच जड डोके खाली येते, आणि खाली कारागिराचा हात असू शकतो.

जुन्या तारा कापण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी, आणि त्या यंत्रावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला शेजारी बसवावे. टूल बदलण्यापूर्वी स्पिंडल कोठे थांबते, वंगणाचा दाब आला नाही तर यंत्र चालू होण्यास का नकार देते, ही रीत नकाशात असते किंवा नसतेही. त्याच्या अंगवळणी मात्र ती पडलेली असते. यंत्र नवे आले म्हणून त्याला घरी बसविण्याची भाषा आपण फार ऐकतो. रेट्रोफिटच्या कामात त्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

हे सर्व असूनही काही यंत्रे भंगारात जाण्याच्याच योग्यतेची असतात. गाइडवे खोल झिजलेले, स्पिंडल गेलेले आणि बीड तडकलेले यंत्र मोहाने ठेवून घेऊ नये. पण तो निवाडा डायल गेजने व्हावा, विक्रेत्याच्या पत्रकाने नव्हे. आणि तो करू शकणारी माणसे आपल्याच गावात तयार व्हावीत. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एकेक बंद यंत्र आणून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, मापायला लावावे, उघडायला लावावे. चालू यंत्राचे बटण दाबणारा पगारापुरते शिकतो. बंद यंत्र चालू करणारा दहाजणांच्या पगाराची सोय करतो. आपल्या ओळखीत एखादा कारखानदार आज या विवंचनेत असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी त्याने एक दिवस देहाच्या तपासणीला द्यावा, एवढा निरोप आपण त्याला द्यावा.