अर्ज भरल्यानंतरची वर्षे

(गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आपण मला करिअरवर बोलायला बोलावलेत. मी काही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस नव्हे. एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत तीस वर्षे लिपिक होतो. मुलाखती मी कधी घेतल्या नाहीत, परंतु निवड झालेल्या उमेदवारांची कागदपत्रे तपासणीसाठी माझ्याच टेबलावर येत. त्या टेबलावरून जे दिसले ते सांगतो. पण आधी घरातले सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना उपदेश करतो असे होणार नाही.

माझा थोरला मुलगा बी. कॉम. झाला तेव्हा त्याला एका कारखान्यात वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळत होती. विद्यावेतन तुटपुंजे होते. मी म्हणालो, "मी जन्मभर साहेबाच्या फायली उचलल्या, तू साहेब हो. पुण्याला जा, अभ्यास कर." तो गेला. कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिकेची फी; मी पगारातून पैसे पाठवीत राहिलो. दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत राहिला. सहा वर्षांनी घरी परतला. खाजगी कंपनीत मुलाखतीला गेला तर विचारले, मधली सहा वर्षे काय केले? अभ्यास केला, हे खरे उत्तर होते. समोरच्याने अर्ज बाजूला ठेवला. आज तो नोकरीत आहे, त्याचे बरे चालले आहे. पण त्याने सोडलेली उमेदवारी ज्या मित्राने घेतली, तो त्याच्या सहा वर्षे पुढे आहे. मुलाने मला कधी बोल लावला नाही. माझे मलाच लागते.

यात मुलाची बुद्धी कमी पडली असे मी मानत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे निश्चित वेळापत्रक नसते. रेल्वेने २०१९ मध्ये गट 'ड' च्या १ लाख ३ हजारांवर जागांची जाहिरात काढली. अर्ज आले एक कोटीहून अधिक. परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. मध्ये कोरोना आला हे खरे, तरी अर्ज भरताना वीस वर्षांचा असलेला मुलगा परीक्षेला बसला तेव्हा तेवीस पार करून गेला होता. त्या काळात त्याने दुसरे काही केले नसेल तर ती वर्षे कोण भरून देणार?

आपल्याला वयाची सवलत आहे. राज्य लोकसेवा आयोगासाठी खुल्या प्रवर्गाला ३८ तर मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ पर्यंत कितीही वेळा बसता येते. सवलत हक्काची आहे, ती जरूर घ्या. पण मुलांनी तिचा अर्थ असा काढलेला मी पाहिला, की अजून पुष्कळ वेळ आहे.

म्हणून माझे सांगणे असे. स्पर्धा परीक्षा द्यायचीच असेल तर किती वर्षे पूर्णवेळ द्यायची ते आईवडिलांसमोर बसून आजच ठरवा. मी म्हणेन दोन. त्यानंतर पहिली मिळेल ती नोकरी धरा आणि नोकरीत राहून परीक्षा द्या. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते, काम दिवसाला चार-पाच तासांचे. बँकेतील लिपिक, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, याही जागा हलक्या समजू नका. नोकरीत असताना पुढचा अर्ज करायचा तर कार्यालयाला कळवा, ना हरकत दाखला वेळेत मागा. असे दाखले मी कितीतरी टंकलिखित केले आहेत. त्यातली काही मुले पुढे अधिकारी झाली. आय.टी.आय. किंवा पदवीनंतरची शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली असते, तिचे प्रमाणपत्र मिळते. ती नाकारू नका. मी नाकारायला लावली होती.

आता कागदपत्रांचे. इथे थोडा वेळ घेतो, कारण इथेच आपली मुले अडतात.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. राज्याचा यासंबंधीचा २००० सालचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या नावाचा दाखलखारीज नोंदवहीचा उतारा काढा. गेले नसतील, आणि आपल्यातले बहुतेक गेले नव्हते, तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद शोधा. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

आपल्या घरांत आणखी एक पेच असतो. आजोबांच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', मुलाच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध'. १९५६ च्या धर्मांतराचा हा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण समितीपुढे तो वंशावळ आणि शपथपत्राने जोडून दाखवावा लागतो. केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातीचा लाभ १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. तिथे दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालेलच असे नाही.

निवड झालेली एक मुलगी माझ्या टेबलासमोर उभी होती. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि राजपत्रातील नोंद केलेली नाही. मुदतवाढ मिळाली म्हणून निभावले. त्या पंधरा दिवसांत तिचा चेहरा मी रोज पाहत होतो. चुलत्याचे किंवा भावाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तुमचे काम पुष्कळ सोपे होते. तेव्हा भाऊबंदकीतला अबोला या कामापुरता तरी बाजूला ठेवा.

आणखी बोललो तर अध्यक्ष घंटी वाजवतील. चहापानानंतर मी मागच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांची कागदपत्रे आणली असतील त्यांनी यावे, एकेकाची नावे जुळतात का ते पाहू. ज्यांनी आणली नसतील त्यांनी पुढच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, इथेच.