फेरी रद्द म्हणजे नेमकं काय रद्द?

(कडेगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



आजचा विषय ऐकून मुंबईहून आलेल्या एका पोरानं मला बाहेर विचारलं, ‘एसटीवर काय भाषण करायचंय? गाडी उशिरा येती, खिडकी उघडत न्हाय, सीट फाटलेली असती. हे सगळ्यांनाच ठावं हाय.’ बरोबर आहे. गाडी उशिरा येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाडी आलीच नाही तर कुणाचं काय जातं, हे सगळ्यांना सारखं ठाऊक नाही. बागायतदाराचं पोरगं बुलेटला किक मारतं आणि निघून जातं. आपलं पोरगं थांब्यावर उभं राहतं, आणि शेवटी त्याच बुलेटला हात करतं. बसायला मिळालं तर उपकार. नाही मिळालं तर पायपीट. गाडी बुडाली की आपण हक्कावरून मेहेरबानीवर येतो. मला आज एवढंच सांगायचंय. बाकी सगळा त्याचा पुरावा.

पहिला पुरावा इथून फार लांबचा नाही. कडेगावहून कराडला जा, कराड ओलांडा, मसूर लागतं. १९०१ साली मसूरच्या रेल्वे स्टेशनावर काही पोरं उतरली. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते, सुटीत त्यांच्याकडं निघालेली ही पोरं. अंगावर नवे कपडे. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं विचारपूस करायला आला. पोरांनी जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. खिशात भाडं होतं. दुप्पट देतो म्हटलं, तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची, आणि गाडीवान शेजारनं पायी चालणार. रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. जेवणाचा डबा जवळ होता, पण पाण्यावाचून घास कसा उतरणार? ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आता नीट बघा. गाडी होती. बैल होते. पैसा होता. रस्ता सरकारी होता. नव्हता तो एक कागद, ज्यावर लिहिलंय की या माणसानं भाडं भरलंय, याला बसू द्यावंच लागेल. तो कागद नव्हता म्हणून गाडीवानाची मर्जी हाच कायदा झाला. पुढं १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला गेले. तोवर ते परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर होते. टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. वस्तीतल्या माणसानं, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. डिग्र्या कितीही असू द्या, वाहन दुसऱ्याच्या मर्जीवर असलं की हाड आपलंच मोडतं.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. सरकारनं प्रवासी वाहतूक हातात घेतली. पुढं महाराष्ट्र झाला. पहिले मुख्यमंत्री याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा झाली आणि गाडी खेड्यापाड्यात शिरली. त्यामागं सरकारचे हिशेब काय होते ते असोत. आपल्या लेखी काय झालं ते मी सांगतो. खेड्यातल्या माणसाच्या हातात रोजच्या रोज पडणारा एक कागद आला, ज्यावर नाव नाही, आडनाव नाही, जात नाही. कुठून कुठं आणि किती पैसे, एवढंच. कंडक्टर पंचनं टिकटिक करायचा, तिकीट फाडायचा, पुढं सरकायचा. त्याला मसूरचा गाडीवान व्हायची मुभाच नव्हती. गाडी त्याच्या बापाची नव्हती. एसटीनं जात मोडली नाही. पण जातीला रांगेत उभं करून तिकीट काढायला लावलं.

एसटीच्या सीटवर काय लिहिलेलं असतं, आठवा. महिलांसाठी राखीव. अपंगांसाठी राखीव. स्वातंत्र्यसैनिकांसाठी राखीव. आमदारांसाठी राखीव. त्या सीटवर आमदार बसलेला मी जन्मात पाहिला नाही. पण अमक्या जातीनं पुढं बसावं आणि तमक्यानं मागं, असं कुठल्याही सीटवर लिहिलेलं नाही. खिडकीतनं रुमाल टाकला की जागा आपली. गावात ज्यांच्या ओट्याला टेकायची सोय नव्हती, त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून आपला बाप कराडपर्यंत गेला. आणि शेजारच्याला नाक मुरडून खाली उतरता येत नव्हतं, कारण त्याचंही तिकीट काढून झालेलं होतं!

म्हणजे एसटीत समता नांदते असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. कॉलेजला असताना मी रोज कराडच्या गाडीत बसायचो. शेजारी एक फेटेवाले आजोबा. म्हणाले, ‘पाव्हणं, कंच्या गावचं?’ मी गाव सांगितलं. ‘कुणापैकी?’ मी आडनाव सांगितलं. आडनाव पाटलांतही आहे आणि आपल्यातही आहे. म्हातारा खूश झाला. त्यानं तंबाखूची चंची काढली, सोयरीक शोधायला लागला. मी म्हटलं, ‘आबा, आम्ही बौद्ध.’ चंची मिटली. पुढच्या थांब्याला म्हातारा उठला आणि कराडपर्यंत दांड्याला धरून उभा राहिला. सत्तरीचं शरीर, गाडी उसळतीये, शेजारी सीट रिकामी. मी काही बोललो नाही. मी खिडकीकडं सरकलो आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी उभा कोण राहिला? म्हातारा राहिला. मसूरच्या गाडीवानासारखा तोही आपल्या जातीपायी ताटकळला. फरक एवढाच की १९०१ साली गाडी त्याची होती. आता गाडी सगळ्यांची आहे. हा फरक लहान नाही.

आता वडाप घ्या. फेरी रद्द झाली की वडापच्या जीपशिवाय आहे काय? मी वडापवाल्या पोरांना शिव्या देत नाही. तीही बेकार पोरं आहेत, कर्जाच्या गाड्या चालवतात. पण वडापमध्ये कोण कुठं बसणार हे ठरवतो ड्रायव्हर. माझी आई एकदा अशाच एका जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. गावातली एक बडी बाई आली. ड्रायव्हरनं तोंडातनं शब्द काढला नाही, आरशातनं नुसतं बघितलं. आई उठली आणि मागं जाऊन गठुड्यांत बसली. भाडं तेवढंच दिलं. तीच आई एसटीत कुणी ‘सरक गं’ म्हणालं तर कनवटीचं तिकीट काढून दाखवायची. ‘तिकीट काढलंय मी’ म्हणायची. बाई तीच, गाव तेच, माणसं तीच. मग तिची मान एका गाडीत खाली आणि दुसऱ्या गाडीत ताठ कशी? याचं उत्तर कुठल्या पोथीत शोधू नका. ते तिच्या कनवटीला होतं.

तिकिटासाठी जगात माणसं कशी लढली तेही ऐका. अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात बसमध्ये गोरे पुढं आणि काळे मागं बसायचे. गोरा आला की काळ्यानं उठायचं. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी पोरगी उठली नाही. १ डिसेंबरला रोझा पार्क्स उठल्या नाहीत. मग अख्ख्या काळ्या वस्तीनं बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस! धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोन् मैल पायी कामाला गेल्या. ज्यांच्याकडं मोटारी होत्या त्यांनी वेळापत्रक आखून, थांबे ठरवून माणसं वाहिली. म्हणजे लढ्याचं वडापच म्हणा. २१ डिसेंबर १९५६ ला ते लोक बसमध्ये हवं तिथं बसले. तारीख ध्यानात ठेवा. बाबासाहेब जाऊन तेव्हा पंधराच दिवस झाले होते. त्याच काळ्या माणसांच्या पुढच्या पिढीनं ब्लॅक पँथर काढली आणि १९७२ साली आपल्या पोरांनी तिच्यावरून दलित पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं, तर ती वेळापत्रकं आखायची चिकाटीही घ्या. नुसती आरोळी घेऊ नका.

त्यांचा लढा बसमध्ये बसायचा होता. आज आपल्यापुढं बसच काढून घेतली जाते आहे. कोरोनात गाड्या थांबल्या. मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. मागणी एक: महामंडळ सरकारात विलीन करा. तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. शहरातल्या बाबू लोकांनी तेवढ्यात स्कूटर घेतली. खेड्यातल्या पोरीनं काय घेतलं? शाळा सोडली. संप मिटला, तरी तुटलेल्या सगळ्या फेऱ्या परत आल्या नाहीत. एकदा तुटलेली फेरी परत मिळवायला अर्ज, विनंत्या, पुढाऱ्याची चिठ्ठी. पुन्हा मेहेरबानीच!

सरकार म्हणतं, आम्ही सवलती दिल्या. दिल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास. बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. शाळकरी पोरींना मोफत पास. हे चांगलं आहे, मी नाकारत नाही. बाया माहेराला, दवाखान्याला, बाजाराला स्वतःच्या जिवावर निघाल्या. पण गाडीच आली नाही तर मोफत पास म्हणजे काय? जेवणाचं आमंत्रण आणि चुलीत विस्तव नाही. वर जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढवलं. आषाढीला पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सुटतात. त्या आभाळातनं पडत नाहीत, कुठल्या तरी खेड्याच्या फेऱ्या तोडूनच निघतात. विठोबाला माझा विरोध नाही. पण सकाळच्या शाळेच्या गाडीला हात लावू नका, एवढं विठोबालाही पटेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट चोरपावलानं चाललीये. २०१७ साली शिवशाही आली, तिच्यातल्या कितीतरी गाड्या खाजगी मालकांच्या, ड्रायव्हरही त्यांचेच. २०२३ साली विजेवरच्या ५,१५० गाड्या भाड्यानं घ्यायचं ठरलं. गाडी विजेवर चालो की रॉकेलवर, माझा प्रश्न वेगळा आहे. महामंडळाच्या भरतीत राखीव जागा आहेत. त्या जागांवर आपल्या पोरांनी खाकी घातली. ज्यांच्या आज्याला गाडीवानानं गाडीत घेतलं नाही, त्यांचा नातू स्टिअरिंगवर बसला. कंत्राटदाराच्या ड्रायव्हरला कुठली बिंदूनामावली? कुठलं आरक्षण? राज्यघटनेला हात न लावता आरक्षण संपवायचा हा रस्ता आहे, आणि तो डांबरी आहे.

मुंबईच्या भावांनो, हे खेड्याचं रडगाणं समजू नका. तुमच्या बेस्टमध्ये भाड्याच्या गाड्या आल्या. मे २०२५ मध्ये पाच रुपयांचं किमान तिकीट दहा झालं. चेंबूरची कामवाली आणि कडेगावची शाळकरी पोरगी एकाच थांब्यावर उभ्या आहेत. थांब्याचं नाव तेवढं वेगळं.

मग करायचं काय? गाड्या जाळू नका. गाडी जळाली की मालक पायी चालत नाही, आपली आई चालते. मी सांगतो ते काम मिळमिळीत वाटेल, पण ते करा. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. रोज लिहा: कुठली फेरी, वेळ काय, आली की नाही, किती उशीर, किती पोरं शाळेला मुकली. एक महिना लिहा. मग ती वही घेऊन शंभरजण आगारात जा, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. थांबा पारावर आहे आणि वस्ती लांब आहे, तर वस्तीच्या थांब्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. पाडला तर पुन्हा मांडा. आणि वाहनात जातीवरून कुणी अडवलं तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा काढा. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक वाहन स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. कंडक्टर-ड्रायव्हरशी भांडू नका, त्यांना बरोबर घ्या. फेरी तुटली की त्यांचीही भाकरी तुटते.

मी वह्या आणल्यात. दाराशी ठेवल्यात. टाळ्या वाजवून मोकळ्या हातानं जाऊ नका. उद्या सकाळची पहिली गाडी किती वाजता आली, तिथून सुरुवात करा.

जयभीम.