अरबांची फौज डहाणूपर्यंत आली असती तर?

इसवी सन ७३८च्या सुमारास नवसारीजवळ एक मोठी लढाई झाली. डहाणूजवळच्या चिखल्याहून नवसारी शंभरेक किलोमीटरवर आहे. घोलवड स्टेशनवर गाडीत बसले की उंबरगाव, संजाण, वापी, वलसाड करत तिथे पोहोचता येते. सिंध जिंकून बसलेल्या अरबांची फौज त्या वर्षी तिथवर येऊन थडकली होती. तिला दक्षिणेत उतरायचे होते, आणि दक्षिणेत उतरायचे म्हणजे आपल्याच किनाऱ्याने यायचे. ती फौज नवसारीला हरली नसती तर काय झाले असते? आज याच प्रश्नावर आपल्याशी बोलायचे आहे.

आधी काय घडले ते पाहू. बदामीच्या चालुक्यांची एक शाखा लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत राज्य करत होती. तिचा राजा पुलकेशी, बिरुद अवनिजनाश्रय. त्याचा नवसारीचा ताम्रपट उपलब्ध आहे. ताजिकांच्या म्हणजे अरबांच्या सैन्याने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना धूळ चारली, दक्षिणापथात शिरण्यासाठी ते आधी नवसारिकेवर चालून आले आणि तिथे त्यांचा पराभव झाला, असे त्यात कोरले आहे. या विजयाबद्दल बदामीच्या विक्रमादित्याने पुलकेशीला चार किताब दिले. त्यांपैकी एक आहे 'अनिवर्तकनिवर्तयिता', म्हणजे मागे न हटणाऱ्यांना मागे हटवणारा.

हा काळ जगाच्या नकाशावर ठेवून पाहा. खलिफांच्या फौजांनी ७११मध्ये स्पेनमध्ये पाऊल टाकले, ७१२मध्ये सिंध घेतला. ७१७-१८मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात त्यांना हार खावी लागली. ७३२मध्ये फ्रान्समध्ये प्वातिएजवळ फ्रँकांनी त्यांना अडवले. आणि त्यानंतर सहाएक वर्षांत नवसारी. प्वातिएच्या लढाईवर युरोपात ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. नवसारीचे नाव आपल्याकडच्या पदवीधरांनाही ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तो जर-तरचा प्रश्न. समजा, पुलकेशी हरला. नवसारीपासून ठाण्यापर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणा. औरंगा, पार, कोलक, दमणगंगा, वारोळी, डहाणूची खाडी, मग वैतरणा. कोसाकोसावर भरती-ओहोटीचे पाणी आणि चिखल. पूर्वेला डोंगर आणि दाट जंगल. पावसाचे चार महिने समुद्रही बंद आणि खाड्याही दुथडी. उघड्या मैदानात वाऱ्यासारख्या धावणाऱ्या घोडदळाला ही भूमी सोयीची नाही. शिवाय पुढे खुद्द बदामीचा विक्रमादित्य होता. पल्लवांची कांची जिंकणारा हा राजा तेव्हा ऐन भरात होता.

दुसरी बाजू खलिफांच्या घरची. राजधानी दमास्कस इथून हजारो मैल दूर. सिंधचा प्रांत हातात होता, पण तिथलीच घडी विस्कटली होती. अरबांना सुरक्षित आसरा मिळावा म्हणून तिथल्या सुभेदाराला महफूझा नावाचे नवे ठाणे वसवावे लागले, मग मनसुरा उभारावे लागले. ज्याला स्वतःच्या प्रांतात तटबंदीआड राहावे लागते, तो कोकण किती दिवस राखणार? ७४०मध्ये उत्तर आफ्रिकेत बर्बरांचा उठाव झाला आणि ७५०मध्ये खलिफांचे उमय्या घराणेच उखडले गेले.

म्हणून माझे मत असे आहे. नवसारी पडली असती तर किनाऱ्यावरच्या बंदरांची लूट झाली असती, माणसे मेली असती, गुलाम झाली असती. सिंधमधल्या देबल बंदराच्या लोकांनी ते भोगले होते आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. कदाचित नवसारीला किंवा संजाणला एखादा अमीर बसला असता. पण अख्खे दक्षिणापथ खलिफांच्या राज्यात गेले असते, असे मला वाटत नाही. मुलतानला काय झाले ते पाहा. तिथले सूर्यमंदिर अरब अमिरांनी दीर्घकाळ राखले, कारण यात्रेकरूंचे उत्पन्न त्यांच्या खजिन्यात जात होते आणि मूर्ती हातात असली की हिंदू राजे चाल करून येत नसत. दूरच्या मुलखात टिकायचे तर तिथल्या लोकांशी जुळवून घ्यावेच लागते. पुढे देवगिरीवर चाल झाली ती १२९६मध्ये, म्हणजे नवसारीनंतर साडेपाचशे वर्षांनी. ती दिल्लीच्या खलजींची, उत्तरेकडून जमिनीवरून आलेली. ती कथा वेगळी, तिची कारणेही वेगळी.

आपल्या किनाऱ्यावर अरबांची पहिली नजर तर नवसारीच्याही आधी पडली होती. खलिफा उमर यांच्या काळात, ६३६च्या सुमारास, ओमानहून एक आरमार ठाण्यावर आले, अशी नोंद बलाधुरी या अरब इतिहासकाराने केली आहे. पण ते पाठवणाऱ्या सुभेदारावर उमर संतापले. माणसे समुद्रात दगावली असती तर तुझ्या टोळीतून तितकीच माणसे मी मागून घेतली असती, अशा अर्थाचा खरमरीत निरोप त्यांनी धाडला. तेव्हा विस्ताराची हद्द नेहमी समोरच्याची तलवारच ठरवते असे नाही. कधी ती राज्यकर्त्याचा स्वतःचा हिशेबही ठरवतो.

श्रोतेहो, आता मी आपल्याला डहाणूच्या दक्षिणेला, चिंचणीला घेऊन जातो. तिथे काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा आहे. गादीवर राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र. त्यात संयान मंडलाच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या संजाणच्या अधिपतीचे नाव येते मधुमती. मधुमती म्हणजे मुहम्मद. बापाचे नाव सहियारहार आणि कूळ ताजिक. हाच तो ताजिक शब्द, जो नवसारीच्या ताम्रपटात शत्रूसाठी आला होता! मधुमतीला हा कारभार राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने दिला होता आणि आसपासच्या बंदरांतल्या प्रमुखांना वठणीवर आणून त्याने तिथे सम्राटाच्या वतीने आपले अंमलदार नेमले होते.

या मुहम्मदाने काय केले, तेही त्यात लिहिले आहे. दोन नद्यांवर त्याने फुकट तर सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य वाढले जाई. आणि अण्णय्य नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठिकेला सम्राटाच्या संमतीने जमीन दिली.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक शिलालेख आठवा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, तो शक वंशाचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने ज्या नद्यांवर फुकट नावा चालवल्या, त्यांत दमण आहे, पारादा आहे आणि दाहनुका आहे. दाहनुका म्हणजे आपली डहाणू. आठशे वर्षांच्या अंतराने दोन परके कारभारी इथे आले आणि दोघांनीही खाडीवर अडलेल्या वाटसरूला पैसा न घेता पलीकडे नेले. या मुलखात सत्ता मिळवायची तर आधी लोकांना पाणी ओलांडून द्यावे लागते, हे दोघांनाही उमगले होते.

अरबांच्या फौजा जिथे थांबल्या, तिथून पुढे त्यांची गलबते आली. मसूदी हा प्रवासी ९१६च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक अधिकारी राष्ट्रकूट राजाने नेमला होता. अरब लेखक या राजाला बल्हारा म्हणतात आणि त्याची तोंड भरून स्तुती करतात. ज्यांच्या पूर्वजांना नवसारीला मागे फिरावे लागले, त्यांना दीड-दोनशे वर्षांत इथे व्यापार, मशिदी आणि राजाश्रय मिळाला. म्हणून साम्राज्याची सीमा एक असते आणि धर्माची, व्यापाराची सीमा दुसरी. मलबारला किंवा जावा-सुमात्राला कोणत्याच खलिफाची फौज गेली नाही, पण इस्लाम गेला.

आणि याच संजाणला पारशी आले. अरबांनी इराण जिंकल्यानंतर आपला धर्म वाचवायला निघालेले हे लोक. १०३४च्या चिंचणी ताम्रपटात संजाणच्या नागरिकांमध्ये 'हंयमान' येते, म्हणजे पारशांची अंजुमन, आणि शेजारीच अल्लिय, मधुमत अशी मुसलमान व्यापाऱ्यांची नावे येतात. इराणात जे जेते आणि जित होते, ते इथे एकाच गावचे प्रतिष्ठित नागरिक म्हणून एका दानपत्रात आले. पुढे संजाण पडले, तेव्हा पारशांनी पवित्र अग्नी घेऊन आपल्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे आसरा घेतला, असे 'किस्सा-ए-संजाण' सांगतो. म्हणजे या किनाऱ्यावर सदैव गोडीगुलाबीच होती असेही नाही.

नवसारी ७३८ आणि चिंचणी ९२६ या दोन तारखा म्हणूनच एकत्र शिकवल्या पाहिजेत. नुसती पहिली सांगितली तर मुलांच्या मनात वैर तेवढे उरते. नुसती दुसरी सांगितली तर सलोखा आपोआप उगवतो, असा गैरसमज होतो. आधी आपले रक्षण करण्याची ताकद होती, म्हणूनच पुढे परक्याला कारभार सोपवण्याचे औदार्य परवडले. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत आणि दोन्हींचा अभिमान बाळगावा.

जाता जाता डहाणू-तलासरीतल्या शेतकरी आणि वाडीवाल्या बंधुभगिनींना एक विनंती. चिकूच्या वाडीत खड्डा घेताना, विहीर खणताना किंवा शेत नांगरताना अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा किंवा दगड हाती लागला, तर तो घासूपुसू नका, भंगारवाल्याला देऊ नका. तहसीलदारांना कळवा, गावच्या शिक्षकांना दाखवा. संजाणचा तो ताजिक मुहम्मद आपल्याला ठाऊक झाला, तो चिंचणीचे ते पत्रे वितळवले गेले नाहीत म्हणूनच.