आधी विचारा, मग बांधा

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



माझ्या उमेदवारीच्या काळातील एका चुकीपासून सुरुवात करतो. एका शिष्यवृत्ती निधीसाठी मी अर्जनोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला. नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन रकाने केले आणि तिन्ही भरणे सक्तीचे ठेवले. आपल्या समाजातील कित्येक घरांत आडनाव लावण्याची रीत नाही, हे आपल्यापैकीच असूनही मला सुचले नाही. कारकुनाने त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहून काम भागवले. धनादेश छापून आले, त्यांवर तेच आडनाव! बँकेने ते परत केले आणि मुलांची फी महिनाभर थकली. प्रोग्रॅम तपासला तर त्यात दोष सापडेना. मी त्या कार्यालयात जाऊन एकदाही विचारले नव्हते, एवढेच.

सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने तयार होते: गरज समजून घेणे, आराखडा, प्रोग्रॅम लिहिणे, चाचणी, वापर आणि देखभाल. विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने १९७० साली हे टप्पे एका लेखात ओळीने मांडले. पण मागे वळून न पाहता सरळ पुढे जाणे धोक्याचे आहे, हेही त्याच लेखात बजावले. आज पुष्कळ ठिकाणी थोडे थोडे करून दाखवतात, वापरणाऱ्याचे ऐकतात आणि सुधारतात. पद्धत कोणतीही असो, विचारणे टळत नाही. घराच्या नकाशातली खिडकी हलवायला खोडरबर पुरते. भिंत उभी राहिल्यावर पहार लागते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. १९८८ साली स्थापन झालेल्या येथील सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुढे नेले. या कामात गरज ओळखणे म्हणजे काय? ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. केवळ हिंदीचा विचार करणाऱ्याला हा फरक सुचणार नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण तिच्यातील आकडे डावीकडून उजवीकडे. हे ज्ञान ती भाषा लिहिणाऱ्याकडूनच मिळते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, संगणकाच्या भाषा अवश्य शिका, पण विचारण्याची कलाही शिका. काम करणाऱ्याशेजारी बसा. त्याची जुनी रजिस्टरे, भरलेले अर्ज पाहा. नेहमीपेक्षा वेगळे प्रकरण आले तर काय करता, हे विचारा. समजले ते लिहून त्याला वाचून दाखवा. घरी उर्दू, बाजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे काम चांगले साधेल.

आणि पालकांना एक विनंती. मुलाने, विशेषतः मुलीने, ‘असे का?’ म्हणून विचारले तर तिला गप्प बसवू नका. उद्या तिची रोजीरोटी त्याच प्रश्नावर चालेल.