काठावरचे पाहुणे



तुम्ही आयुष्यात पहिलं काम कोणतं केलंत, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पाखरं राखण्याचं. मी मूळचा मोहोळ तालुक्यातला. पौष-माघात आमची ज्वारी हुरड्यात यायची, कणसं दाण्यानं भरायची आणि नेमक्या त्याच वेळी आभाळातून भोरड्यांचे थवे उतरायचे. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पुस्तकात हिला पळस मैना म्हणतात, आमच्याकडे ती भोरडी. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधलेला असे. त्यावर उभं राहून गोफण गरगरा फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. वडील सांगायचे, "पाखरानं येता-जाता चार दाणे उचलले तर उचलू दे, त्यालाही पोट आहे. पण मांडी घालून जेवू देऊ नकोस."

पुढे शिकलो आणि सोलापूरला एका हायस्कुलात भूगोलाचा शिक्षक झालो. मध्य आशियातले गवताळ प्रदेश, तिथली हाडं गोठवणारी थंडी, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर नकाशा काढून शिकवलं. पण आमच्या ज्वारीवर बसणारी भोरडी त्याच प्रदेशातून येते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. एवढंच नव्हे, तर चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांचा फडशा पाडावा म्हणून याच पक्ष्यासाठी घरटी करायला मुद्दाम जागा बांधून ठेवतात, हेही वाचलं. तिकडे ज्याला आवतण देऊन बोलावतात, त्याला इकडे मी गोफणीनं हाकलत होतो! आपल्याकडेही ती नाकतोडे आणि अळ्या खाते. पण ते कुणाला दिसत नाही, खाल्लेलं कणीस तेवढं दिसतं.

तेव्हापासून हिवाळा लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत.

माझा पहिला धडा हिप्परग्याच्या तलावावर झाला. तुळजापूर रस्त्यावरचा हा तलाव सगळ्या सोलापूरकरांना ठाऊक आहे. एकरूख तलाव हे त्याचं कागदोपत्री नाव. आदिला नदी अडवून १८७१ साली तो बांधला. डिसेंबरातल्या एका सकाळी आठवी-नववीची सात-आठ मुलं घेऊन मी सायकलवरून तिथं गेलो. दुर्बीण एकच, तीही मित्राची मागून आणलेली. काठाच्या चिखलात करड्या रंगाचे मोठे पक्षी बसले होते. एक मुलगा म्हणाला, "सर, कुणाची तरी बदकं सुटलीत." दुर्बीण डोळ्यांना लावली, तर पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. ते पट्टकादंब होते.

तिबेट, मंगोलिया, लडाख इकडच्या उंच सरोवरांकाठी हे कादंब पिल्लं वाढवतात आणि थंडी सुरू झाली की हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचं आढळलं. मंगोलियात मानेभोवती क्रमांकाचे पट्टे घातलेले काही कादंब पुढे दक्षिण भारतातल्या तलावांवर दिसले आहेत. रात्री-पहाटे शेतात कोवळा पाला आणि दाणे खायचे आणि ऊन चढलं की पाण्याच्या काठी विश्रांती घ्यायची, हा त्यांचा इथला दिनक्रम. हे सगळं मी मुलांना पुढच्या आठवड्यात सांगितलं, कारण त्या दिवशी मलाही ते ठाऊक नव्हतं.

दरवर्षी जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणती होते. १९८७ सालापासून हा उपक्रम चालू आहे. पक्षिमित्रांबरोबर मीही या कामाला लागलो. लोक विचारतात, उडणारी हजार बदकं मोजता तरी कशी? त्याची युक्ती सोपी आहे. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवायचं आणि मग त्याच मापानं सगळा थवा मोजत जायचं. आपल्या आया मुठीनं तांदूळ मोजून घेत, तसंच हे. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट. तलवार बदकाची शेपटी लांब, टोकदार. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावर पांढरी भुवई. केशरी अंगाचा चक्रवाक जोडीनं वावरतो. काठावर शेपटी वरखाली करत धावतो तो धोबी, आणि ओल्या चिखलात चोच खुपसत फिरतात ते तुतवार. दोन-तीन हिवाळ्यांत ही नावं आपोआप तोंडात बसतात.

मोजता मोजता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तलाव तुडुंब भरला म्हणजे पक्षी भरपूर येतील, असं आपल्याला वाटतं. पण ते खरं नाही. यातले बहुतेक पाहुणे खोल पाण्याचे गिऱ्हाईक नाहीत. त्यांना वीतभर, फार तर हातभर खोलीचं पाणी लागतं. त्यांचं ताट मांडलेलं असतं ते काठावर, जिथं पाणी संपतं आणि चिखल सुरू होतो तिथं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आपली उजनी. १९८० साली हे धरण पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा. म्हणूनच "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य आपल्याकडे लहान पोरंही बोलतात. या फुगवट्यावर हिवाळ्याच्या उत्तरार्धात रोहित येतात. यांनाच अग्निपंख असंही म्हणतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. रोहित आपली वाकडी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले बारीक जीव आणि शेवाळ खातो. त्याला हवं असतं उथळ पाणी. म्हणजे धरण काठोकाठ असलं की त्याची पंचाईत, आणि पाणी ओसरू लागलं की त्याची पंगत बसते.

२०१५ साली पावसानं दगा दिला. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो हा दुष्काळ. त्याच हिवाळ्यात मी करमाळा तालुक्यात फुगवट्याच्या काठी गेलो होतो. पाणी कुठल्या कुठे मागे हटलेलं. दूरवर रोहितांची गुलाबी रांग पाहून मी हरखून गेलो. एवढ्यात लक्ष गेलं, अलीकडच्या उघड्या पडलेल्या गाळात एक वयस्कर शेतकरी गाळपेर करत होता. मोटारीचा पाइप पाण्याच्या मागे मागे वाढवत नेलेला. मी आपला शिक्षकी बाण्यानं म्हणालो, "मामा, तुम्ही इथवर पेरत आलात तर पक्ष्यांनी जायचं कुठं?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गुरुजी, ही जमीन माझ्या आज्याची. धरण झालं तवा पाण्यात गेली. पाणी हटलं की चार महिनं नदरंला पडती. ती बी पाखरांला देऊ म्हणता?" थोडं थांबून म्हणाले, "तुमची पाखरं आली म्हंजी आमचं पाणी गेलं. आमाला एवढंच कळतं."

श्रोतेहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या ओसरत्या पाण्याचा मला आनंद झाला होता, त्याच पाण्यानं त्यांच्या पोटात गोळा आला होता. मी खाली मान घालून उभा राहिलो. तेव्हा त्यांनीच मला बांधावर बसवून चहा पाजला आणि हात करून दाखवलं, "ती पाण्याकडंची पट्टी हाय न्हवं, तितं पाय रुततो. तितं आमी पेरत न्हाई. ती तुमच्या पाखरांची."

मी दुर्बीण लावली. रोहित, शेकाटे, तुतवार, सगळे त्याच पट्टीत होते. आमचं भांडण मुळात नव्हतंच. मी नको तेवढं मागत होतो.

त्याच सुमारास माझ्या भाच्यानं सायप्रसहून रोहितांचं एक छायाचित्र पाठवलं. नोकरीनिमित्त तो तेव्हा तिकडे असे. सायप्रस हे भूमध्य समुद्रातलं बेट. तिथं लार्नाका शहराला लागून खाऱ्या पाण्याचं एक तळं आहे. शेजारीच विमानतळ. उन्हाळ्यात हे तळं आटून पांढरं मीठ उरतं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. तो पडला की तळ्यात उथळ पाणी साठतं आणि रोहित उतरतात. तिथं पाणी चढल्यावर येतात, इथं पाणी उतरल्यावर. पण मागणं दोन्हीकडे तेच, उथळ पाण्याची एक पट्टी. मग शेजारी विमानतळ असो की गाळपेर, त्यांची तक्रार नसते.

नको तेवढं मागितलं की काय होतं, याचाही धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. १९७९ साली नान्नजच्या माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येऊ लागल्या आणि ज्या पक्ष्याचा अभिमान वाटायचा, त्याच्यावरच लोक चिडले. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर माळावरचा माळढोक बोटांवर मोजण्याइतकाच उरला होता. आज त्या माळावर हिवाळ्यात गेलात तर गवतावरून अलगद तरंगत जाणारे भोवत्या ससाणे दिसतात. तेही थंडीचे पाहुणे. नाकतोडे आणि उंदीर खातात आणि रात्री गवतात जमिनीवरच निजतात. त्यांनाही उंच गवताचा एक तुकडा पुरतो. मात्र तो नांगरला किंवा पेटवला जाता कामा नये.

म्हणून आता मी व्याख्यान देत नाही, फक्त पट्टी मागतो. शहरातल्या संभाजी तलावात जलपर्णी माजली की ती काढावी, पण काठाला सगळीकडे दगडी भिंत घालून तलावाची बादली करू नये. तलावातला गाळ जरूर काढावा, शेताला तो सोनंच आहे, पण एखादी उतरती, उथळ कड तशीच राहू द्यावी. पक्षी बघायला जाणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून नाव त्यांच्या अंगावर घालू नका. हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला आपण जेवणावरून उठवत असतो. भिगवणकडच्या मासेमार तरुणांनी पक्षी दाखवण्याचा जोडधंदा उभा केला आहे. तुम्ही त्यांना "जवळ घ्या" म्हणालात तर ते नाव जवळ घेणार. "लांबूनच बघू" म्हणालात तर लांब ठेवतील.

आपल्या सोलापूरला या छंदाचा मोठा वारसा आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी इथलाच. वनखात्यात आयुष्य घालवून त्यांनी मराठीला 'पक्षीकोश' दिला. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १८ जून २०२५ रोजी त्यांनी याच शहरात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. पाहुणे यायला लागतात तेही याच सुमारास. एखाद्या पहाटे घरातल्या लहानग्याला सोलापुरी चादरीतून उठवा आणि हिप्परग्याला घेऊन जा. सूर्य पाठीशी ठेवा, भडक कपडे नकोत, आणि पहिला अर्धा तास कुणीही बोलायचं नाही. दुर्बीण नसली तरी चालेल.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी पुन्हा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. तेव्हा मला करमाळ्याच्या त्या मामांची आठवण झाली. मुद्दाम गेलो. ते आता थकलेत, पेरणी मुलगा करतो. मी विचारलं, "ती पाण्याकडची पट्टी?" मामा हसले. "हाय की. पोराला सांगून ठिवलंय."

आपल्याकडे घरात दुष्काळ असला तरी दारी आलेल्याला तांब्याभर पाणी आणि बसायला पाट देण्याची रीत आहे. काठावरची ती ओली पट्टी म्हणजे या पाहुण्यांचा पाट. तेवढा आपण काढून घेऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)