मशीन कळत नसेल तर दोष कुणाचा?

(कुर्डुवाडी येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत झालेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



मोबाईल आणि मशीनवर बोलायचंय म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी म्हणतात, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" हे वाक्य आपल्याला लई महागात पडतं. "मला जमत नाही" म्हणून आपण फोन दुसऱ्याच्या हातात देतो आणि पिनपण सांगून टाकतो. एटीएमचं कार्ड देतो, तेही मागं नंबर लिहून. खातं आपल्या नावावर, पण चावी दुसऱ्याच्या कमरेला! म्हणून आज आधी हे वाक्यच तपासून बघू.

मला सांगा, जात्याचा खुंटा कुठं धरायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? खुंटा उभा, मुठीत मावेल एवढा. बघितला की हात आपोआप तिकडं जातो. गॅसची शेगडी घ्या. डावं बटण डाव्या बर्नरचं, उजवं उजव्याचं. समजा कारखान्यानं हे उलटं केलं असतं तर रोज दूध उतू गेलं असतं. आणि बोल कुणाला लागला असता? शेगडी बनवणाऱ्याला नाही, घरातल्या सुनेला!

माणसाचं आणि मशीनचं नीट जमावं म्हणून वस्तू कशी घडवायची, याचं एक शास्त्रच आहे. त्याला इंटरॅक्शन डिझाईन म्हणतात. अमेरिकेतल्या डोनाल्ड नॉर्मन यांचं यावरचं पुस्तक 1988 साली आलं. त्यांचं सांगणं साधं आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळत नसेल, तर खोट दारात आहे, माणसात नाही.

आता आपल्या सगळ्यांनी वापरलेलं एक मशीन घेऊ. मतदानाचं. त्याच्यावरून राजकारणात वाद चालतात, ते बाजूला ठेवा. आपण फक्त बटणाकडं बघू. या मशीनची घडण कशी असावी हे आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाईन केंद्राच्या प्राध्यापकांनी ठरवलं, ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक कोण होतं? लिहिता न येणारी आजी, ऊसतोड करणारी बाई, डोळ्यांनी न दिसणारा माणूस, सगळेच.

मग काय केलं बघा. नावासमोर चिन्ह. ही सोय 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीपासूनची, कारण तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हतं. चिन्हाच्या सरळ रेषेत निळं बटण. दाबलं की त्याच्याच शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. म्हणजे डोळ्याला खूण, कानाला खूण. आता तर शेजारच्या यंत्रात काचेआड चिठ्ठी 7 सेकंद दिसते. बटणांजवळ ब्रेल अंक आहेत. आणि घाबरून दोनदा दाबलं तरी मत एकच नोंदतं, अधिकारी पुढच्या मतासाठी मशीन सुरू करेपर्यंत ते बंदच राहतं. मतदानाच्या खोलीत कुणी म्हणतं का, "माझं बटण तू दाब, मला जमत नाही"? बहुतेक जणी आपापलं दाबून येतो. म्हणजे मशीन नीट घडवलं की आपल्याला जमतंय!

यातून चार प्रश्न निघतात. कुठलंही मशीन, कुठलंही ॲप समोर आलं की हे विचारायचे:

1. कुठं दाबायचं ते दिसतंय का?
2. दाबल्यावर मला पोच मिळते का?
3. चुकलं तर मागं फिरता येतं का?
4. हे माझ्या भाषेत, माझ्या हाताला जमेल असं आहे का?

आता हे प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहाराला लावू.

पहिलं, बाजार. भाजीच्या पाटीजवळ तो बोलणारा डबा ठेवतात, "एवढे रुपये प्राप्त झाले" म्हणणारा. ही झाली पोच. आपले हात मातीचे, तराजूत गुंतलेले, त्यात फोन कोण बघणार? म्हणून कानाला सांगायची सोय केली. गिऱ्हाईकानं त्याच्या फोनवरचं चित्र दाखवलं, तर ती आपली पोच नव्हे. आपला डबा बोलला, नाहीतर आपल्या खात्यात रक्कम दिसली, तरच पैसे आले.

दुसरं, फोनवरून पैसे पाठवणं. यूपीआय 2016 साली आलं. यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. पैसे गेले की आपल्या हातानं मागं घेता येत नाहीत. म्हणून पिनच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं. ते नाव म्हणजे उंबरा समजा. तिथं थांबायचं, वाचायचं, मगच पाऊल टाकायचं. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे जायला लागतो. "तुमची रक्कम आलीय, पिन टाका" म्हणणारा चोर आहे.

या फसवणुकीत ठग पैसे मागणारी विनंती पाठवायचे आणि आपल्याला वाटायचं पैसे येतायत. लोकांना कितीतरी वर्षं सावध केलं, तरी फसवणूक चालूच राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं 1 ऑक्टोबर 2025 पासून एका माणसानं दुसऱ्याला अशी विनंती पाठवायची सोयच बंद करायला लावली. बघा, बायकांना दोष देत बसण्यापेक्षा खड्डाच बुजवला. तरी दुकानं, कंपन्यांकडून मागणी येऊ शकते, म्हणून नाव वाचायची सवय सोडू नका.

तिसरं, अंगठा लावून पैसे काढणं. इथं आपलं खरं दुखणं आहे. मशीनचा पडदा बहुतेक वेळा चालवणाऱ्याकडं तोंड करून असतो. तो म्हणतो, "नाही आला, परत लावा." पैसे एकदा निघाले की दोनदा, आपल्याला दिसतच नाही. म्हणजे दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर नाही. मग आपण काय करायचं? "दादा, पडदा इकडं फिरवा" म्हणायचं. यात उद्धटपणा काही नाही, पैसा आपला आहे. दर वेळी पावती मागायची. व्यवहार झाला नाही म्हणाले तरी तशी पावती मागायची, आणि मोबाईलवर मेसेज आला का ते बघायचं. खुरपून, भांडी घासून अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील तर दुसरं बोट लावून बघा. आधारला दिलेलं कुठलंही बोट चालतं.

आपलं कुर्डुवाडी म्हणजे जंक्शन. पुणे-सोलापूर आणि मिरज-लातूर, दोन्ही मार्ग इथं भेटतात. स्टेशनात फलक आहे तसा भोंगाही आहे. ज्याला वाचता येत नाही त्याची गाडी चुकू नये म्हणून. असा विचार बँकेच्या मशीननं का करू नये? हे आपण मागितलं पाहिजे.

तेव्हा कामाला लागू. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न मोठ्यानं वाचायचे. कुठलं मशीन, कुठलं ॲप कुठं अडवतं ते ताईंनी एकेक करून सांगायचं आणि सचिवांनी इतिवृत्तात लिहायचं: पडदा दिसत नाही, मराठी नाही, अक्षर बारीक आहे, पावती देत नाहीत. ग्रामसंघानं ते एकत्र करून प्रभागसंघाकडं द्यावं, आणि प्रभागसंघानं ठराव करून बँकेला लेखी कळवावं. एकीनं सांगितलं तर म्हणतात, "मावशी, तुम्हाला जमत नाही." शंभर जणींनी लिहून दिलं तर मशीनकडं बघावं लागतं.

आणि पैसे गेलेच, तर रडत बसू नका, लाजू नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

पिन आपला, अंगठा आपला, म्हणून बटणपण आपणच दाबायचं.